एकोणचाळीस प्रशिक्षणं आणि सहावा रकाना

२१ जून २०२५, शनिवार

सकाळची शाळा. सव्वादहाला केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) ग्रुपवर मेसेज आला : अति तात्काळ, आजवर घेतलेल्या सर्व प्रशिक्षणांची माहिती सोबतच्या लिंकवर दुपारी एकपर्यंत भरावी, माहिती न भरल्यास संबंधित शिक्षक जबाबदार. खिचडी वाटता वाटता फोनवरच भरायला घेतली. अकरा आठवली. त्यातल्या चारांची सालं अंदाजपंचे टाकली, तासांच्या रकान्यात सगळीकडे ३० ठोकले आणि पाठवून दिलं.

घरी आल्यावर टोचणी लागली. शाळेतला तांदूळ किती शिल्लक आहे ते मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. कोणतं मूल जूनपासून किती दिवस आलं नाही, हेही हजेरीपत्रक न उघडता सांगेन. आणि २००९ साली तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून मोखाड्याला हजर झाले, तेव्हापासून या सोळा वर्षांत मी स्वतः काय शिकले, याचं एक पानही माझ्याकडे नाही.

ठरवलं : दोनशे पानी रजिस्टर आणायचं आणि सगळी प्रशिक्षणं क्रमाने उतरवायची. दिवाळीच्या सुट्टीआधी यादी पूर्ण. शोधताना काय सापडतं, काय सापडत नाही, ते इथे तारखेने लिहीत जाईन.

२२ जून, रविवार

पत्र्याची पेटी उघडली. फायलीत प्रमाणपत्रं १४. त्यातली आठ कालच्या यादीत होती, सहा साफ विसरलेली. एकूण १७.

पहिली पाच माहेरच्या नावाची आहेत आणि ठाणे जिल्हा परिषदेची. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, मी २०१८ ला आंतरजिल्हा बदलीने इकडे आले. म्हणजे नाव वेगळं, जिल्हा वेगळा आणि प्रशिक्षण झालेली शाळा आता तिसऱ्याच जिल्ह्यात. लग्नाच्या राजपत्राची झेरॉक्स त्याच फायलीत लावून ठेवली.

लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र एकच : वरिष्ठ वेतनश्रेणीचं, २०२२ चं ऑनलाइन. बारा वर्षांच्या सेवेनंतर हे प्रशिक्षण झालं की श्रेणी मिळते. आम्ही सगळे त्याला ‘चटोपाध्याय’ म्हणतो. बऱ्याच जणांना वाटतं तो कुठला तरी फॉर्म आहे. १९८३ साली नेमलेल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगाचे ते अध्यक्ष, हे मलाही उशिराच कळलं. पगाराशी जोडलेला कागद प्लॅस्टिकमध्ये आणि बाकीचे तेरा कसरीच्या तोंडी, हे मी स्वतःच केलंय.

२५ जून, बुधवार

दीक्षा या शिक्षकांच्या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणाच्या ॲपवर लॉगिन. पासवर्ड तीनदा चुकला. ‘निष्ठा’ या शिक्षक प्रशिक्षणाचे १८ मॉड्यूल, नंतरचे पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाचे १२ कोर्स, शिवाय सुटे चार. निष्ठा एक धरायचं की अठरा? एकच धरलं. पायाभूतवालं एक. निष्ठा आधीच यादीत होतं, म्हणजे नवी पाच. एकूण २२.

आता खरं लिहायचं तर लिहूनच टाकते. प्रमाणपत्राला शेवटच्या चाचणीत ७० टक्के लागत. २०२० च्या हिवाळ्यात उत्तरं ग्रुपवर फिरत होती, आणि अठरातल्या किमान सात मॉड्यूलची माझीही उत्तरं तिथूनच आली. व्हिडिओ चालू ठेवून मी भाजी निवडायचे. प्रमाणपत्रावर मात्र माझं नाव इतकं सुबक छापलंय!

सेवापुस्तकाची दुय्यम प्रत काढली. त्यात प्रशिक्षणाच्या नोंदी तीन. २०१३ चं दहा दिवसांचं निवासी प्रशिक्षण तिथे नाहीच. कार्यालयात फोन केला. उत्तर मिळालं, “मॅडम, तेव्हाच झेरॉक्स द्यायची ना.” तेव्हा दिली होती की नाही, हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही.

२८ जून, शनिवार

आज घबाड मिळालं. शाळेचं हालचाल रजिस्टर.

प्रशिक्षणाला जाताना आपण त्यात लिहून जातो : तारीख, वेळ, कारण, ठिकाण, सही. कुणालाच त्याचं कौतुक नाही, पण सगळ्यांत खरी नोंद तीच, कारण ती त्याच दिवशी केलेली असते. २०१८ पासूनची सगळी पानं चाळली. आठ नवी प्रशिक्षणं सापडली. एकूण ३०.

जुन्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना फोन केला. “बाई, रजिस्टर आहे, पण पावसाने चिकटलंय. बघतो,” म्हणाले.

२ जुलै, बुधवार

मोखाड्याहून व्हॉट्सॲपवर २३ फोटो. सरांनी एकेक पान सुटं करून उन्हात वाळवून पाठवलं. या पावसात ऊन कुठून आणलं कोण जाणे. सात नवी. ३७.

६ जुलै, रविवार, आषाढी

माहेरी. जुना फोन चार्जिंगला लावला तर चालू झाला. ग्रुप फोटोंत मागे बॅनर असतं, बॅनरवर तारीख असते. आपण बॅनरला हसतो, पण दोन प्रशिक्षणं केवळ त्यामुळे हाती लागली. एकूण ३९. एकोणचाळीस. इथे थांबले.

बाबा (निवृत्त शिक्षक, केंद्रशाळेवरून) उपासाचं खाता खाता ऐकत होते. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर त्यांना उन्हाळी शिबिराला जावं लागलं होतं. परत आल्यावर मुख्याध्यापकांनी टाचणवहीत ‘शिबिरातून काय मिळाले’ असं लिहून मागितलं. बाबांनी लिहिलं होतं : जेवण उत्तम. वही आईने रद्दीत दिली, नाहीतर पहिल्या पानावर चिकटवली असती.

१२ जुलै, शनिवार

रजिस्टर आखलं. रकाने पाच : दिनांक, विषय, ठिकाण, तास, पुरावा.

तासांचा रकाना आता महत्त्वाचा होत चाललाय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. शिक्षण परिषदेचे (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीचे) तास त्यात धरायचे की नाही यावर आमच्या केंद्रात दोन पक्ष आहेत. दोन्ही पक्षांकडे आपापले तास लिहिलेले नाहीत.

३९ ओळी संध्याकाळपर्यंत भरल्या. अक्षर चांगलं आलं. पान छान दिसत होतं आणि तरी काहीतरी खटकत होतं. ओळ क्रमांक ८ : ‘ज्ञानरचनावाद, ३ दिवस, १८ तास, प्रमाणपत्र आहे.’ ज्ञानरचनावाद म्हणजे मुलाने स्वतः करून शिकणं. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमानंतर आम्ही सगळ्यांनीच ते प्रशिक्षण केलं. सातारच्या कुमठे बीटमधल्या शाळांचे व्हिडिओ बघून फरशीवर ऑइलपेंटने आकृत्या काढल्या. पण त्या तीन दिवसांनी माझ्या वर्गात नेमकं काय बदललं? फरशी बदलली, हे नक्की. पुढचं आठवेना.

सहावा रकाना आखला : ‘नंतर वर्गात काय केलं’. पट्टी जरा वाकडी गेली.

१३ जुलै, रविवार

सहावा रकाना भरायला बसले. नियम स्वतःलाच घातला : ‘प्रभावी अध्यापन केले’, ‘विद्यार्थ्यांमध्ये आवड निर्माण झाली’ असलं अहवालाचं मराठी चालणार नाही. कोणत्या वर्गाला, कोणत्या पाठाला, काय केलं आणि मुलांनी काय केलं, एवढंच.

३९ पैकी सहा ओळी भरल्या. तेहेतीस कोऱ्या.

कोऱ्या जागी रेघ मारावी असं वाटलं, मग राहू दिल्या.

२० जुलै, रविवार

आजची नोंद लांबणार.

कपाटावरच्या गठ्ठ्यात २०१९ चं दुसरीचं गणिताचं पुस्तक मिळालं. त्या वर्षीचा गदारोळ सगळ्यांना आठवत असेल. एकवीसला ‘वीस एक’, बावन्नला ‘पन्नास दोन’ अशी वाचनाची रीत पुस्तकात आली होती. विधानसभेत फडणवीसांच्या नावावरून ‘फडण दोन शून्य’ झालं, वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं झाली. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारण सांगत राहिल्या, ऐकणारे थोडे होते. कारण साधं होतं. ‘बावन्न’ म्हणताना ‘बा’ म्हणजे दोन आधी ऐकू येतो आणि लिहायचा शेवटी. मूल कानाला आलं तसं लिहितं, २५. जोडाक्षरं वेगळीच.

मी विरोधी पक्षात होते. गेली सहा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले की आम्ही ती रीत वर्गात करून बघितली, काही उपयोग झाला नाही, उलट मुलं घोळात पडली. इतकं ठाम सांगत आले की नव्या भरतीच्या सरांनाही गेल्या वर्षी हेच सांगितलं.

पुस्तकात समासात पेन्सिलीने माझंच अक्षर आहे :

‘९ जुलै. पट १४. श्रुतलेखन. त्रेसष्ट : ३६ लिहिणारे ८. साठ तीन : ३६ लिहिणारा १, ६०३ लिहिणारे ३.’

त्याच्या पुढच्या पानावर : ‘१८ जुलै. कार्डं वापरली. ६०३ आता १.’ आणि तिसऱ्या पानावर : ‘२६ जुलै. ६०३ शून्य. त्रेसष्टला ३६ अजून ६.’ शेवटी दिवाळीनंतरची तारीख : ‘त्रेसष्ट ३६ : ४.’

म्हणजे माझी आठवण चुकीची. नवी रीत उपयोगी पडली होती. तिची स्वतःची एक चूक होती, साठ तीनला साठ लिहून पुढे तीन, म्हणजे ६०३. ती दोन आठवड्यांत गेली. जुन्या नावांची चूक दिवाळीपर्यंत टिकली. मला फक्त ६०३ आठवत राहिलं, कारण ते पाहून स्टाफरूममध्ये आम्ही हसलो होतो.

खूप वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसले. पेन्सिलीच्या या चार ओळी नसत्या, तर मी निवृत्त होईपर्यंत खोटं सांगत राहिले असते. तेही अगदी प्रामाणिकपणे.

आता प्रश्न : ती कार्डं कुठून आली? साठच्या कार्डातल्या शून्यावर तीनचं छोटं कार्ड ठेवायचं की ६३ दिसतं, उचललं की खाली पुन्हा ६०. हे मला सुचलेलं नाही, एवढं नक्की. समासात बारीक लिहिलंय ‘शि.प.’ हालचाल रजिस्टरशी तारीख जुळवली. जुलै २०१९, केंद्रस्तरीय शिक्षण परिषद. शेजारच्या वस्तीशाळेतल्या एका बाईंनी दुपारच्या सत्रात वीस मिनिटं दाखवलं होतं. प्रमाणपत्र नाही, बॅनर नाही, फोटो नाही. माझ्या रजिस्टरात ओळ क्रमांक २४, पुराव्याच्या रकान्यात फक्त ‘हा.र. पान ४१’.

२१ जुलै, सोमवार

यंदाची दुसरी, पट ९. परिपाठ झाल्यावर लगेच श्रुतलेखन घेतलं, २०१९ चेच आकडे. त्रेसष्ट : ३६ लिहिणारे ४. एकोणसाठ : ६९ लिहिणारे ५.

दुसरा आकडा मी २०१९ मध्ये तपासलाच नव्हता. मुलं ‘साठ’ ऐकतात आणि सहा लिहून मोकळी होतात, मग नऊ कुठेतरी आहे एवढं त्यांना ठाऊक असतं. एकोणतीसला ३९, एकोणपन्नासला ५९. सगळीकडे तीच चूक.

नावं लिहिली नाहीत, हजेरी क्रमांक लिहिले. वही उद्या कुणाच्या हाती पडली तर ‘अमकीच्या मुलीला येत नाही’ असं गावभर व्हायला नको.

२३ जुलै, बुधवार

आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर यवतमाळचे, गेल्या वर्षी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून आले. मधल्या सुट्टीत रजिस्टर उघडं होतं.

“मॅडम, हे तुम्ही काहून लिहून ठेवता जी? कोणी मागितलं का?”

कोणी मागितलेलं नाही, मी म्हणाले. मग २०१९ चं पुस्तक दाखवलं आणि गेल्या वर्षी त्यांना सांगितलेलं मागे घेतलं. ते जोरात हसले. त्यांनी तिसरीला ‘वीस एक’ करायचं माझ्यामुळेच टाळलं होतं. माझ्या चुकीच्या आठवणीने पंधरा किलोमीटर गाडी चालवत येणाऱ्या एका माणसाचं वर्ष बदललं. सहाव्या रकान्यात हे कुठे लिहायचं?

‘एकोण’वर त्यांच्याकडे एक गोष्ट होती. डी.एड.ला त्यांच्या सरांनी सांगितलेली : एकोण म्हणजे एक ऊन, एकाने कमी. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी. १९ पासून ८९ पर्यंत सगळे असेच, फक्त ९९ नव्व्याण्णव होऊन फितूर होतो. मला हे शब्द म्हणून ठाऊक होतं. मुलांना कधी सांगितलं नव्हतं.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी

दादा (डॉक्टर, नगरला प्रॅक्टिस) आला होता. त्यालाही नोंदणीचं नूतनीकरण करायला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला. कॉन्फरन्सला जायचं, बॅज लावायचा, पॉइंट घ्यायचे. मी म्हटलं, मग आपण सारखेच. तो म्हणाला, “पॉइंटची फाइल वेगळी गं, केसपेपर वेगळा. पेशंट दुसऱ्यांदा आला आणि पहिल्या वेळी मी कोणती गोळी दिली तेच मला माहीत नसेल, तर मी कसला डॉक्टर?”

माझी मुलं रोज दुसऱ्यांदा येतात. जेवण होईपर्यंत हेच डोक्यात होतं. आईने दोनदा विचारलं, पुरणपोळी आवडली नाही का.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पोळ्याच्या आदल्या दिवशी अर्धी मुलं बैलांची शिंगं रंगवायला गेलेली. नऊपैकी सात हजर. त्रेसष्टला ३६ : १. कार्डांनी काम केलं. एकोणसाठला ६९ : ४. तिथे कार्डांचा काही उपयोग नाही, कारण अडचण लिहिण्यात नाहीच, नावात आहे.

गैरहजर दोघांचं नंतर घेतलं, दोघांचंही ३६. म्हणजे एकूण ३. ही ओळ लिहायचा कंटाळा आला होता, ‘१’ वरच थांबावंसं वाटत होतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीची सुट्टी, पण ग्रुप पेटलाय. सर्वोच्च न्यायालयाने काल निकाल दिला : ज्यांची निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली आहे, अशा कार्यरत शिक्षकांनाही टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण व्हावी लागेल, मुदत दोन वर्षं. मी २००९ ची. तेव्हा टीईटी नावाचा प्रकारच नव्हता.

कुणीतरी गमतीने लिहिलं, “मॅडम, तुमचं ते रजिस्टर कोर्टात दाखवा.” राग आला, पण बरोबर होतं. ३९ ओळींचं हे रजिस्टर तिथे कवडीच्या कामाचं नाही. परीक्षा द्यायची म्हणजे द्यायची. दीडशे प्रश्न, खुल्या प्रवर्गाला ९० गुण.

दोन दिवस रजिस्टर उघडलं नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

शिक्षण परिषद. मला दहा मिनिटं मिळाली, २०१९ चं पुस्तक आणि यंदाचं पान दाखवलं. आपली आठवण चुकली होती हे मोठ्याने सांगितल्यावर दोन-तीन जण चहाच्या वेळी जवळ येऊन आपापलं सांगून गेले. एका सरांकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं तेव्हाच्या, २०१०-११ च्या नोंदवह्या आहेत म्हणे, पेटीभर. उघडून पाहिल्या नाहीत कधी.

मग व्हायचं ते झालं. केंद्रप्रमुख साहेब मनापासून खूश झाले. “मॅडम, फार छान. याचं एक प्रपत्र करा. सहा रकाने, सगळ्यांकडून दर महिन्याच्या पाच तारखेला भरून घेऊ. वरही पाठवू.”

साहेबांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे ते प्रपत्र भरून आलेलं दिसलं : तीस शिक्षक, सहावा रकाना, ‘सर्व विद्यार्थ्यांना संकल्पना स्पष्ट झाली’. मीही तेच लिहीन. ज्या कागदावरून आपली झाडाझडती होणार, त्यावर कोण लिहील की नऊपैकी पाच पोरांनी ६९ लिहिलं आणि महिन्याने चारांनी?

म्हणाले, “साहेब, पहिले पाच रकाने जरूर घ्या. ते झालंच पाहिजे. सेवापुस्तकाला, श्रेणीला, पन्नास तासांना लागतात, आणि आमच्याकडे ते नसतात हा आमचा दोष आहे. सहावा राहू द्या. तो मी स्वतःसाठी ठेवलाय.”

क्षणभर शांतता. मग साहेब म्हणाले, “बरं. पाच तर पाच.” नाराज झाले की पटलं, कळलं नाही. प्रपत्र रात्री ग्रुपवर आलं. रकाने पाच, आणि खाली ‘शेरा’ असा एक बारीकसा सहावा.

४ ऑक्टोबर, शनिवार

टीईटीचा फॉर्म भरला. फोटोत मी रागावलेली दिसते.

यादीची मुदत दिवाळी होती. यादी जुलैतच झाली, आणि सहावा रकाना जुन्यांसाठी भरता येणार नाही हेही आता कळलंय. जे त्या वेळी लिहिलं नाही, ते आता आठवून लिहिणं म्हणजे गोष्ट रचणं. तेहेतीस ओळी कोऱ्याच राहणार. यापुढचंच लिहायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सुट्टीत सरांनी मला शिकवलं, त्यांची टीईटी आधीच झालेली. बालमानसशास्त्राचे सराव प्रश्न सोडवताना माझी उत्तरं चुकतात, कारण प्रत्येक पर्यायाला माझ्या वर्गातलं एखादं पोर अपवाद म्हणून उभं राहतं. “मॅडम, पोरं घरी ठेवून या जी परीक्षेला,” सर म्हणाले.

बदल्यात त्यांनी एक मागितलं. त्यांना सोमवारपासून तीन दिवस तालुक्याला प्रशिक्षण आहे, वाचनाचं. “तुमच्यासारखी वही मी बी करतो. पण रोज नाही लिहू शकत.” रोज नकोच, मी म्हणाले. तीनदाच : प्रशिक्षणाच्या संध्याकाळी एक ओळ, परत आल्यावर पहिल्या आठवड्यात एक, महिन्याने एक. महिन्याची तारीख आधीच लिहून ठेवायची, नाहीतर ती कधी येत नाही. कोरी ८० पानी वही शाळेच्या कपाटातून काढून दिली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सरांच्या वहीतली पहिली ओळ (विचारून उतरवली) : ‘तीन दिवसांत दोन चांगल्या गोष्टी. एक सत्रातली, एक जेवणाच्या रांगेत पुसदच्या दोस्ताकडून. दुसरी जास्त कामाची.’ त्यांनी आल्या आल्या हालचाल रजिस्टरातही वेळ टाकली. अक्षर डॉक्टरसारखं आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल टीईटी झाली. गणिताच्या भागात स्थानिक किमतीवरचा एक प्रश्न होता, तो सोडवताना हसू आलं. बाकी निकाल लागेल तेव्हा.

परीक्षेला गेले ते हालचाल रजिस्टरात लिहायचं का? रविवार होता, नियमाने लागत नाही. मग माझ्याच रजिस्टरात घातलं, ओळ ४०. विषय : टीईटी अभ्यास. ठिकाण : सरांची खोली, चहासह. तास : मोजले तर ५० च्या वर भरतात. पुरावा : प्रवेशपत्र. सहावा रकाना : ‘एकोण म्हणजे एक ऊन. दुसरीला २५ नोव्हेंबरपासून.’

२९ नोव्हेंबर, शनिवार

चार दिवसांत असं केलं. शंभर मण्यांची माळ, दहा-दहाचे दोन रंग. मूल साठाव्या मण्यावर चिमटा लावतं, मग ‘एक ऊन’ म्हणत एक मणी मागे येतं आणि तिथला आकडा ‘पन्नास नऊ’ असा वाचतं. जुनं नाव आणि नवं नाव एकाच मण्यावर. कार्डं २०१९ ची, ‘एक ऊन’ सरांच्या सरांचं, माळ माझी. क्रमांक ६ ने विचारलं, “बाई, मग एकोणशंभर का नाही?” उत्तर नव्हतं. प्रश्न जसाच्या तसा उतरवून ठेवला.

आज श्रुतलेखन, नऊही हजर. त्रेसष्टला ३६ : १. एकोणसाठला ६९ : २. क्रमांक ४ ने ६० लिहून खोडलं, मग ५९ लिहिलं. खोडलेलं दिसतंय, तेही नोंदवलं.

पुढची तारीख रजिस्टरात आधीच घातलीये : २९ डिसेंबर, सोमवार. समोरची जागा कोरी.